तीन जिवंत मुळं

३ ऑक्टोबर

चि. डॉक्टरीणबाईंना,

मायना लिहायलाच अर्धा तास गेला. पूर्वी 'चि. सौ.' लिहून मोकळा व्हायचो. आता 'सौ.' लिहिता येत नाही, आणि 'सूनबाई' म्हणायचा हक्क कोर्टाच्या कागदानं काढून घेतला. मग आठवलं, तू रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागलीस तेव्हापासून मी तुला डॉक्टरीणबाई म्हणतो. ते कुठल्या कागदावर नव्हतं, त्यामुळे कुणाला काढून घेता येणार नाही.

फोन का केला नाही, असं वाटेल. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात चौतीस वर्षं काढली आणि कान तिथेच ठेवून आलो. फोनवर मी नुसता 'हो हो' म्हणतो आणि समोरचा काय बोलला ते नंतर हिला विचारतो. या बाबतीत हिला विचारायची सोय नाही. तुझं टपाल पुढे पाठवायला तू पत्ता ठेवला होतास, त्यावर लिहितोय.

काम असं की तुझं ऑर्किड बरं नाही. तू गेलीस तेव्हा त्याला सहा पानं होती, आता चार आहेत, आणि तीही मान टाकून बसलीत. हात लावला तर जुन्या कापडासारखी लागतात. मी रोज सकाळी कपभर पाणी देतो, आठ महिन्यांत एक दिवस चुकलेला नाही. आणखी द्यावं का? की खत घालू? मला झाडांतलं ओ की ठो कळत नाही. पण तू मागे ठेवलेल्या सामानात जीव असलेली ती एकच वस्तू आहे. ती माझ्या हातून जाऊ नये असं वाटतं.

इकडे सगळं ठीक. चिरंजीव नव्या नोकरीच्या गावी असतो, रविवारी फोन करतो. तुला लिहितोय हे त्याला किंवा हिला सांगितलेलं नाही. उगाच चर्चा नको.

उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

तुझा (इथे काय लिहावं ते सुचत नाही)
पंपवाला


१४ ऑक्टोबर

स. न. वि. वि.

पत्र मिळालं. ते झाड टाकून द्या. एकदा मुळं गेली की त्यात फार काही उरत नाही. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला ते घरात आलं होतं. मी ते विसरले नाही, मुद्दाम ठेवून गेले. रोज डोळ्यांसमोर नको होतं.

टाकायच्या आधी बघायचंच असेल तर कुंडीतून बाहेर काढा आणि एकेक मूळ बोटांत दाबा. टणक लागेल ते जिवंत. ज्याची साल सुटून हातात येईल ते मेलेलं. सगळी मेलेली असली तर खुशाल टाका, माझी परवानगी आहे.

कळावे.

ता. क. रोज कपभर पाणी? ऑर्किड जंगलात दुसऱ्या झाडाच्या सालीला धरून हवेत राहतं. त्याला आठवड्यातून एकदा पाणी पुरतं. तुम्ही त्याला आठ महिने बुडवताय.


२० ऑक्टोबर

चि. डॉक्टरीणबाई,

परवानगी वापरली नाही.

तू सांगितल्याप्रमाणे झाड बाहेर काढलं. चेंबरचं झाकण उघडल्यावर येतो तसला वास आला. ती फुलाफुलांची बाहेरची कुंडी दिसायला सुंदर, पण तिला खाली भोकच नाही. तळाशी चार बोटं पाणी साचलेलं, वर शेवाळ. गावभरच्या चेंबरांत उतरून मी निचरा बघत फिरलो, आणि स्वतःच्या खिडकीतल्या कुंडीला भोक आहे का ते पाहिलं नाही. कुणाला सांगू नकोस. पंपघरातले जुने सोबती ऐकतील तर मला पाणी पाजतील.

चौदा मुळं मोजली. अकरा काळी पडून लिबलिबीत झालेली. तीन टणक आहेत. त्यातलं एक करंगळीएवढंच, पण टणक. मी तिन्ही दोनदोनदा दाबून पाहिली. तीन मुळांवर झाड उभं राहतं का, ते कळव. तोवर वर्तमानपत्रावर आडवं ठेवलंय, पेशंटला स्ट्रेचरवर ठेवतात तसं.

एक गोष्ट मात्र जुळत नाही. कपभर पाण्यातलं निम्मं तर हवेतच उडून जातं. एवढं साचायला नको. पंपावर असतो तर म्हटलं असतं, या लाइनला कुणाचं तरी दुसरं कनेक्शन आहे.

पंपवाला


२४ ऑक्टोबर

बाबा,

आज पत्र मिळालं, आजच टाकतेय. झाड कागदावर जास्त दिवस ठेवू नका.

कात्री स्पिरिटनं पुसून घ्या. मेलेली मुळं पार बुडाशी कापा, दया दाखवू नका. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावा, म्हणजे कुज पुढे सरकत नाही. तिन्ही चांगल्या मुळांना ती लागू देऊ नका, ती कोरडी पडतील. मग पारदर्शक प्लॅस्टिकचा एखादा डबा घ्या, त्याला खाली आणि बाजूंनी भोकं पाडा. माती अजिबात नको. झाडाच्या सालीचे तुकडे आणि कोळसा भरा. आठवड्यातून एकदा भरपूर पाणी, आणि ते सगळं खालून निघून गेलं पाहिजे. डबा पारदर्शक हवा, कारण मुळंच सांगतात त्यांना काय हवंय. हिरवी दिसली की पोट भरलंय, राखाडी दिसली की तहान लागलीय.

तीन मुळांवर उभं राहतं. वर्ष लागेल.

दुसरं कनेक्शन कुणाचं ते तुम्हाला खरंच कळलं नाही? घरात तुम्ही दोघंच आहात. त्यांना माझं काहीच कधी पसंत पडलं नाही, ते झाडसुद्धा. मी निघाले त्या दिवशी तुम्ही बॅग खाली आणून दिलीत. त्या आतल्या खोलीत शिवत होत्या. मी जिना उतरेपर्यंत मशीनचा आवाज एकदाही थांबला नाही. चार वर्षं एका घरात राहिलेल्या माणसासाठी एक शिवण अर्धी टाकता आली नसती?

हे लिहायचं नव्हतं. पण खोडलं तर तुम्ही उजेडात धरून वाचाल, म्हणून राहू देते.


१५ नोव्हेंबर

चि. डॉक्टरीणबाई,

आधी पेशंट. बिस्किटांचा पारदर्शक डबा मिळाला, तापवलेल्या सुईनं त्याला चाळीस भोकं पाडली. निचऱ्याच्या बाबतीत आता कुणाला बोट ठेवायला जागा नाही. पानं अजून लोळताहेत, पण नवीन पिवळं पडलेलं नाही.

आता दुसरं कनेक्शन. तू म्हणालीस तेच निघालं. पण तुला वाटतं तसं नाही.

जेवणानंतर मी तासभर आडवा होतो. नवा डबा खिडकीत ठेवला त्या दिवशी डोळे मिटून पडलो, झोपलो नाही. तीन वाजता ही आली, हातात चहाचं मोठं भांडं. खिडकीशी उभी राहून हळूहळू झाडाला पाणी घालायला लागली. मी म्हटलं, "अगं, काय करतेस?" ती दचकली, भांडं सांडलं. म्हणाली, "तहानलेलं दिसतंय." मी विचारलं, केव्हापासून घालतेस? "तेव्हापासून," म्हणाली. म्हणजे तू गेलीस तेव्हापासून. मी सकाळी घालायचो आणि तिला सांगायचो नाही. ती दुपारी घालायची आणि मला सांगायची नाही. दोघांनी मिळून तुझं झाड बुडवत आणलं.

मग मी तिला तुझी पत्रं दाखवली. शिवणाचं वाचून तिनं कागद घडी करून परत दिला. मीही विचारलं नाही. सव्वीस वर्षं शाळेत शिवण शिकवलेली बाई आहे. वाकडी शिवण स्वतः उसवेल तेव्हा उसवेल, दुसऱ्यानं दोरा ओढलेला तिला चालत नाही.

हल्ली पाणी रविवारी सकाळी, दोघांच्या साक्षीनं.

पंपवाला


६ जानेवारी

चि. डॉक्टरीणबाई,

सात आठवडे झाले, तुझं पत्र नाही. मी काही जास्त बोललो असेन तर सोडून दे.

पण ही बातमी कळवल्याशिवाय राहवत नाही. फुलाची दांडी फुटली. खालच्या पानाच्या बगलेतून हिरवं टोक बाहेर आलंय, तांदळाच्या दाण्याएवढं. ही म्हणाली, "इतक्यात कशी येईल?" मी म्हटलं, चौतीस वर्षं मीटर वाचलेत, माझी नजर चुकत नाही. रोज पट्टीनं मोजतो. चार दिवसांत दोन मिलिमीटर.

तू बरी आहेस ना?

पंपवाला


२३ जानेवारी

ती. बाबा,

तुम्ही काही जास्त बोलला नाहीत. कामाच्या गडबडीत राहून गेलं.

टोक नीट बघा. फुलाची दांडी असेल तर टोक चपटं असतं, हातमोजा घातलेल्या अंगठ्यासारखं. गोल आणि चकचकीत असेल तर ते मूळ आहे. मला वाटतं मूळच असणार. निराश होऊ नका, मूळ आलं ही दांडीपेक्षा मोठी बातमी आहे. याचा अर्थ झाडानं जगायचं ठरवलंय. फुलं नंतरची गोष्ट.

एक विचारायचं होतं. तिकडे त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा अकरा दिवस त्यांच्याजवळ राहून मी कामावर गेले, पुढचं मला माहीत नाही. घरातली कामं किती दिवसांनी जमायला लागली होती? आणि घरात दुसरं कुणी नसेल तर निभतं का? लॅबमधली एक जण विचारत होती.

१२ फेब्रुवारीपासून महिनाभर मी प्रशिक्षणाला बाहेर आहे. तोवर पत्र टाकू नका, इथे घ्यायला कुणी नसेल.

पाणी आठवड्यातून एकदाच.


१ फेब्रुवारी

चि. डॉक्टरीणबाई,

मूळच निघालं. गोल आणि चकचकीत. हिनं माझ्या मीटर वाचणाऱ्या नजरेकडे बघून नुसता चष्मा पुसला.

तुझ्या मैत्रिणीचं हिलाच विचारलं, कारण मला एवढंच आठवतं की महिनाभर मी चहा करत होतो आणि तो कुणी पीत नव्हतं. पत्र तिच्या हातात दिलं. तिनं दोनदा वाचलं. मला विचारलं, "लॅबमधली एक जण, असंच लिहिलंय ना?" मी म्हटलं, असंच लिहिलंय की, तुझ्या हातातच आहे. दुपारी बघतो तर माळ्यावरची निळी बॅग खाली काढून पुसत बसलेली. ताईकडे जाऊन येते म्हणाली, थोडे दिवस. बहुतेक रुसलीय. इतकी पत्रं आली, एकातही तिच्या नावानं ओळ नाही. त्यातून तिचा राग तुला माहीत आहे, बोलून काढत नाही, गावाला जाऊन काढते.

तर मैत्रिणीला सांग, तीन आठवडे वजन उचलायचं नाही आणि एकटीनं राहायचं नाही. प्रशिक्षण मन लावून कर. मोठ्या पदाचं असेल तर आनंदच आहे.

पंपवाला


१२ फेब्रुवारी

अहो,

मी ताईकडे नाही. डॉक्टरीणबाईकडे आहे. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पत्रानं विचारलं असतंत आणि तिनं नको म्हटलं असतं.

तिच्या पोटात गाठ आहे. उद्या सकाळी आठला ऑपरेशन. गाठ कसली आहे ते काढून तपासल्यावर कळेल. नोव्हेंबरपासून तिला माहीत आहे. स्वतःच्याच लॅबमध्ये तपासणी झाली आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही.

दार उघडून ती माझ्या बॅगेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, तूच सांगितलंस. घरात दुसरं कुणी नसेल तर निभतं का, असं लोक स्वतःबद्दलच विचारतात. मग तिनं बॅग घेतली आत.

घर एका खोलीचं, पण नीटनेटकं. उशांचे अभ्रे उसवलेले होते, शिवले.

संध्याकाळी दोघी दवाखान्यात नाव घालायला गेलो. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, पेशंटच्या तुम्ही कोण? मी म्हटलं, माझ्या ऑपरेशनला ही होती, हिच्या ऑपरेशनला मी आहे, यात बसेल ते लिहा. त्यानं 'नातेवाईक' लिहिलं. चालेल.

मुलाला काही कळवू नका. तिला वाटेल तेव्हा ती सांगेल. गॅस बंद करत जा. झाडाला आज पाणी घालू नका, रविवारीच घाला.


१७ फेब्रुवारी

अगं,

तुझं पत्र वाचून खुर्चीत बसलो तो तासभर उठलो नाही. 'प्रशिक्षण मन लावून कर' असं मी त्या पोरीला लिहिलं. माझ्यासारखा शहाणा शोधून सापडायचा नाही.

शनिवारी तू फोन केलास. मागे गाड्यांचा आवाज होता. 'ती बरी आहे' म्हणालीस की 'ती घरी आहे', ते मला कळलं नाही. मी हो हो म्हटलं आणि तू फोन ठेवलास. बरी असेल तर चांगलंच आहे. घरी असेल तर इतक्या लवकर का सोडलं? आणि दोन्ही नसेल तर? दोन दिवस हेच चाललंय. परत फोन लावून उपयोग नाही, पुन्हा हेच होणार. कागदावर लिही. ठळक लिही.

काल रविवार होता. झाडाला एकट्यानं पाणी घातलं. नवं मूळ डब्याच्या आतल्या बाजूनं खाली उतरलंय, बोटाच्या दोन पेरांएवढं झालंय. तिला सांग. मला दुसरं काही करता येत नाही, म्हणून हे सांगतोय.

गॅस बंद करतो.


४ मार्च

ती. बाबा,

ठळक लिहिते. मी बरी आहे आणि घरीही आहे. गाठ साधी निघाली. काल रिपोर्ट आला.

लॅबमध्ये लोकांच्या हातात रिपोर्ट देताना चेहरा कोरा ठेवायला मी शिकलेय. माझा आला तेव्हा पाकीट उघडायला हात उचलेना. आईंनी उघडलं. वाचता येईना, कारण भाषा आमची, लॅबची. त्यांनी कागद माझ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "वाच, मी इथेच आहे." मी वाचलं. मग त्या उठून चहा करायला गेल्या आणि साखरेऐवजी मीठ घातलं. आम्ही तोच प्यायलो.

तुमच्याशी खोटं बोलले, त्याची माफी मागते. वेगळं व्हायचं मी ठरवलं होतं, तेव्हा पुढचं सगळं एकटीनंच निभावलं पाहिजे असं डोक्यात बसलं होतं. कुणाला हाक मारली तर ते हरल्यासारखं होईल, असं वाटत होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दारात आई उभ्या दिसल्या, तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी किती घाबरले होते.

सातव्या दिवशी धीर करून मी त्यांना विचारलं, मी निघाले त्या दिवशी काय शिवत होतात? त्या सूप ढवळत होत्या. म्हणाल्या, "काही नाही. मशीनमध्ये दोराच नव्हता. नुसती पायानं चालवत होते. थांबले असते तर बाहेर यावं लागलं असतं, बाहेर आले असते तर जाऊ नको म्हटलं असतं. तुमचं दोघांचं जमत नव्हतं हे मला दिसत होतं. मग तुला कुठल्या तोंडानं अडवू?" आणि पुढे म्हणाल्या, सूप जरा पातळ झालंय.

बाबा, एक वर्ष मी तो आवाज वेगळाच ऐकत होते.

त्यांना परत पाठवायला हवं, तुमच्या चहाची मला काळजी वाटते. पण त्या म्हणतात, तीन आठवडे म्हणजे तीन आठवडे. मला झाडू उचलू देत नाहीत. माझे सगळे कपडे मापाचे करून ठेवलेत. शेजारीण भेटायला आली तर तिच्याही बाह्या आखूड करून दिल्या.

नव्या मुळाची बातमी त्यांनी मला अंथरुणाशी बसून वाचून दाखवली. तेव्हा टाके दुखत होते, हसता येत नव्हतं. आता मनातल्या मनात लांबी मोजते.

तुमची
डॉक्टरीण


९ नोव्हेंबर

मायना वगैरे यांना जमतो, मला नाही. सरळ लिहिते.

झाडाला दांडी आलीय. यांच्यावर विश्वास ठेवणार नाहीस म्हणून मी लिहितेय. टोक चपटं होतं, हातमोज्यासारखं, तू लिहिलं होतंस तसंच. आता ती हातभर झालीय, वाकायला लागली म्हणून मी तिला विणायच्या सुईचा टेकू दिलाय आणि मऊ लोकर बांधलीय, सैल. कळ्या सात. पहिली फुगलीय, आठवड्याभरात उघडेल. मुळं डब्यातून बाहेर पडायला लागलीत, पुढच्या वर्षी मोठा डबा लागेल.

हे म्हणतात, झाड तिचं आहे, तिला नेऊ दे. मी म्हटलं, तिला हवं तर नेईल, नको तर इथे राहील, ते तिला ठरवू दे. तुझी खोली उत्तरेकडची आहे, मी महिनाभर राहिलेय तिथे. ऊन कमी येतं. पण तू म्हणशील तसं.

मुलाला सांगितलं की तू इकडे येशील कदाचित. तो म्हणाला, बरं झालं. त्यालाही तिकडे कुणीतरी भेटलंय असं वाटतं, अजून सांगत नाही. सांगेल तेव्हा ऐकू.

ये असं मी म्हणत नाही. तुझी रजा, तुझी तब्येत, तू बघ. पण यायचं झालं तर शनिवारी ये आणि सकाळची गाडी घे, दुपारच्या गाडीत बसायला जागा मिळत नाही. जड काही आणू नकोस. डॉक्टरनं वर्षभर वजन उचलू नको म्हटलंय, आणि तू ऐकत नसणार हे मला माहीत आहे.

शनिवारी आम्ही बाराएकपर्यंत घरी नाही. यांना कानाच्या डॉक्टरकडे नेतेय. शेवटी तयार झाले. म्हणून या पाकिटात किल्ली घातलीय. ती परत द्यायची नाही, मी तिसरी करून घेतलीय. दार जरा ओढून उघडावं लागतं. आत आलीस की चहा करून घे आणि खिडकीशी बस. आम्ही येतोच.